माजघरातली बातमी

काबूल,
२१ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

आमच्या बातमीदारांतला एक छायाचित्रकार परवा दिल्लीला निघालाय. त्याच्या हाती हे पत्र देते, तो तिथून स्पीड पोस्टानं वाईला धाडेल. सोबत एक कापडी पुरचुंडी आहे, तिचं शेवटी सांगते.

सप्टेंबरअखेर इथलं इंटरनेट बंद पडलं तेव्हा तुझे दोन दिवस कसे गेले ते दादानं मला नंतर सांगितलं. २९ सप्टेंबरला सगळ्या देशाचं नेट गेलं, मोबाइल मुके झाले, विमानंसुद्धा थांबली. मी ठीक होते. तू मात्र देवघरापुढे फोन मांडीवर घेऊन बसली होतीस. १ ऑक्टोबरला लाइन लागली तेव्हा तू आधी रडलीस, मग रागावलीस, आणि मग म्हणालीस, “जिथे बाईला बोलायची चोरी, तिथे तू विचारणार काय आणि तुला सांगणार कोण?”

त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. पाठोपाठ पाकिस्तानशी चकमकी सुरू झाल्या, काबुलात स्फोट झाले, आणि आपलं बोलणं ‘बरी आहेस ना’, ‘बरी आहे’ एवढ्यावर येऊन थांबलं. तुझा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. आज शुक्रवार, कचेऱ्या बंद. बुखारी, म्हणजे इथली शेगडी, पेटवून निवांत लिहायला बसलेय.

आधी ‘विचारणार काय’ ते.

माझ्याबरोबर जो दुभाषी असतो तो चार वर्षं पुण्यात शिकलाय. पुण्यात अफगाण मुलं किती असायची ते तुला ठाऊक आहेच. त्याचं मराठी मोडकं आहे, पण इथे ते कानावर पडलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. तो मला ‘ताई’ म्हणतो. चौकीवरच्या पोरांना वाटतं ताई हेच माझं नाव. त्याचं नाव मी लिहीत नाही, या पत्रात इथल्या ओळखीच्या कुणाचंच लिहिणार नाही. कागद कुणाच्याही हाती पडू शकतो.

चौकीवर गाडी थांबली की विशी-बाविशीचा बंदूकवाला मागच्या सीटकडे न बघता त्याला विचारतो, “ही तुझी कोण?” २०२१च्या डिसेंबरपासून तालिबान सरकारचा नियम आहे की ७२ किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या बाईबरोबर महरम हवा, म्हणजे बाप, भाऊ, नवरा, मुलगा असा कुणीतरी घरचा पुरुष. परदेशी बाईला बहुधा सोडतात, पण सोडतीलच असं नाही. तो सांगतो, “मेहमान. खबरनिगार.” म्हणजे पाहुणी, बातमीदार. मग माझा मक्तूब दाखवायचा. मक्तूब म्हणजे सरकारी परवान्याचं पत्र. काबूलचं वेगळं, आणि प्रत्येक प्रांतात गेलं की तिथल्या माहिती खात्यात ते दाखवून परत शिक्का. आई, वीस वर्षं नोकरी केलेली मी, चाळिशी गाठलेली, आणि मी कोण याचा जबाब माझ्यासमोर दुसरा कुणीतरी देतो. याची सवय झाली असं मी म्हणणार नाही. होऊ नये असंच मला वाटतं.

कचेरीत गेल्यावर पुढचा भाग. गादीवर अधिकारी, समोर मी, बाजूला दुभाषी. मी इथल्या दरी भाषेत प्रश्न विचारते. अधिकारी गालिच्याकडे बघत दुभाष्याला उत्तर देतो. प्रश्न माझा, उत्तर त्याच्या ओंजळीत, तिथून मी उचलायचं. पहिले काही महिने मला वाटायचं की हा आपला अपमान चाललाय. मग गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ३५ कलमांचा सदाचाराचा कायदा आला. त्यात लिहिलंय की परक्या बाईकडे पुरुषानं बघू नये, बाईनं चेहरा झाकावा, आणि तिचा आवाजही झाकण्याच्याच गोष्टींत मोडतो. तेव्हापासून गालिच्याकडे बघणाऱ्याला कायद्याचा आधारच मिळाला. एका जिल्ह्याच्या कचेरीत मला दोन तास व्हरांड्यात बसवून ठेवलं. माझ्यानंतर आलेल्या पुरुष बातमीदाराला आत चहा मिळाला, मुलाखत मिळाली, आणि मला सांगायला कुणी बाहेरही आलं नाही. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले.

सगळे तसे नाहीत. काही जण सरळ बोलतात, चहा पुढे करतात, निघताना सांभाळून जा म्हणतात. एकदा एका कारकुनानं माझ्या कागदावर शिक्का मारला, मग दारापर्यंत आला आणि दुभाष्याला हळूच विचारलं, “तू शिकलास त्या पुण्यात मुलींना घेतात का?” त्याला तीन मुली आहेत. थोरली बारा वर्षांची.

आता ‘सांगणार कोण’.

आपलं वाईचं जुनं घर आठव. ओसरीवर आजोबांची माणसं, पानाचं तबक, जमिनीचे कज्जे, निवडणुका. मधल्या दारातून आत माजघर. आजी नेहमी म्हणायची की घराघरात खरं काय चाललंय ते ओसरीला चार दिवसांनी कळतं. कुणाचं शेत सावकाराकडे गेलं, कुणाची लेक माघारी आली, कुणाच्या घरी दोन दिवस चूल नाही, सगळं आधी माजघरात यायचं. इथलं घर असंच असतं. दाराशीच मेहमानखाना, भिंतीला लागून गाद्या, मध्ये थर्मासात हिरवा चहा आणि वाटीत साखरेचे नुकूल. पाहुण्या पुरुषाचं जग तिथे संपतं. पुढे पडदा.

माझे पुरुष सहकारी चांगले बातमीदार आहेत. जीव धोक्यात घालून काम करतात. पण त्यांना त्या पडद्यापलीकडे पाऊल टाकता येत नाही. घरातल्या बायकांबद्दल ते घरातल्या पुरुषाला विचारतात, तो सांगेल ते लिहितात. मी मेहमानखान्यात चहा घेते, आणि थोड्या वेळानं पडद्याच्या कडेनं एखादी छोटी मुलगी येते, माझं बोट धरते आणि आत नेते. अर्ध्या देशाची बातमी आत बसलेली असते.

शहराच्या पश्चिमेकडच्या एका घरात मला असंच आत नेलं. स्वयंपाकघराला लागून एक खोली, खिडकीला जाड गोधडी. अकरा मुली दाटीवाटीनं बसल्या होत्या. (अकरा लिहिलंय, पण आकडाही मी बदललाय असं समज.) त्या एकदम येत नाहीत. दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं येतात, कुणाच्या हातात नान, कुणाच्या हातात शिवणाचं कापड. कुणी विचारलंच तर शिवण शिकायला जाते म्हणायचं. शिकवणाऱ्या बाई २०२१पर्यंत मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. सहावीच्या पुढच्या मुलींची शाळा त्या वर्षी बंद झाली ती बंदच. २३ मार्च २०२२ला शाळा उघडणार म्हणून मुली नटूनथटून गेल्या होत्या आणि दारातून परत पाठवल्या गेल्या. त्या बाई तो दिवस सांगताना दर वेळी बुटांबद्दल सांगतात, की मुलींनी बूट पॉलिश केले होते. त्याच वर्षी डिसेंबरात विद्यापीठंही बंद झाली. युनिसेफनं या मार्चमध्ये सांगितलं की शाळा हिरावलेल्या मुली आता २२ लाख आहेत.

तू एकतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यास म्हणून तुला सांगते. त्या खोलीत एक मुलगी आहे, ती सहावी तिसऱ्यांदा करते आहे. हुशार आहे. दर वर्षी पेपर कोरा ठेवते. पास झाली तर शाळा संपेल म्हणून मुद्दाम नापास होते. सकाळी सहावीत बसते आणि दुपारी इथे येऊन नववीचं गणित करते.

दरीत ‘दफ्तर’ म्हणजे कचेरी. मी त्यांना सांगितलं की आमच्या मराठीतही हा शब्द आहे, पण आम्ही शाळेच्या पिशवीला दप्तर म्हणतो. मोठ्या मुलीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे तुमच्या अर्थानंही बंद, आमच्या अर्थानंही बंद.” तिची आई एका कचेरीत कामाला होती. आता घरी आहे.

अशा घरात मी रेकॉर्डर लावत नाही. आवाज ओळखू येतो. वहीत नावं नसतात, मला कळतील अशा खुणा असतात, आणि रात्री त्याही फाडून बुखारीत घालते. बाहेर पडताना हात रिकामे. डोक्यात जे राहतं तेवढंच माझं.

आणि त्यातूनच ओसरीवर विचारायचा प्रश्न सापडतो, आई. एका घरात एक मुलगी भेटली, दाईचं शिक्षण घेत होती. थोडेच महिने राहिले होते. गेल्या डिसेंबरात दाई आणि नर्सचे वर्गही मुलींना बंद झाले. तिच्या मावशीच्या गावात एकच दाई आहे, साठीच्या पुढची, आणि गावात पुरुष डॉक्टरकडे बायकांना नेत नाहीत. ती म्हणाली, “ती म्हातारी गेली की?” दुसऱ्या आठवड्यात मी एका अधिकाऱ्यासमोर बसले होते. ते सांगत होते की बाईला बाईनंच तपासावं, हाच आमचा आग्रह आहे. मी विचारलं, मग दहा वर्षांनी तपासणारी बाई कुठून येणार? ते बराच वेळ गालिच्याकडे बघत राहिले. मग दुभाष्याला म्हणाले, “वरून निर्णय व्हायचा आहे.” त्या खोलीत शिरलेच नसते तर तो प्रश्न मला सुचला नसता, आणि त्यांना कुणी विचारलाही नसता.

पण यात मोठी शूर मी नाही. माझ्या पिशवीत पासपोर्ट आहे, आणि फार झालं तर मला विमानात बसवून देतील. इथल्या बातमीदार बायकांचं बघ. ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या पत्रकारांसाठीच्या संस्थेनं २०२१च्या डिसेंबरात मोजदाद केली. ऑगस्टच्या सुरुवातीला इथल्या वृत्तसंस्था, रेडिओ, टीव्हीमध्ये २,४९० बायका होत्या, चार महिन्यांत ४१० उरल्या. बेहेश्ता अरगंद आठवते का तुला? काबूल पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्टला, तिनं टीव्हीवर समोर बसून तालिबानच्या माणसाची मुलाखत घेतली होती. आपण तुझ्या फोनवर बघितली होती. महिना संपायच्या आत तिला देश सोडावा लागला. २०२२च्या मे महिन्यात फर्मान निघालं की टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बायकांनी चेहरा झाकावा. त्यांनी झाकला, डोळे तेवढे उघडे ठेवून बातम्या वाचल्या. तेव्हा त्यांच्याबरोबरचे पुरुष निवेदकही तोंडाला काळा मास्क लावून कॅमेऱ्यासमोर बसले. हे तुला मुद्दाम सांगते, कारण इथल्या पुरुषांबद्दल तू एकाच रंगानं विचार करू नयेस.

बायकांनी बायकांसाठी चालवलेला ‘रेडिओ बेगम’ ८ मार्च २०२१ला सुरू झाला. शाळा बंद झाल्यावर तो हवेतून धडे देऊ लागला. या फेब्रुवारीत त्यावर छापा पडला, प्रक्षेपण थांबलं, तीनेक आठवड्यांनी परत सुरू झालं. ‘रुखशाना’ नावाची वृत्तसंस्था आहे, झहरा जोया यांनी काढलेली, आता परदेशातून चालते. रुखशाना ही घोर प्रांतातली मुलगी, तिला २०१५ साली दगडांनी ठेचून मारलं होतं. त्यांना बातम्या पाठवणाऱ्या बायका देशातच आहेत, टोपणनावानं लिहितात. त्यांतली एखादी मला कधी भेटली असेल तर ते मी लिहिणार नाही. पण एवढं खरं की माझ्या नावानं छापून आलेल्या कितीतरी बातम्यांचं पहिलं टोक अशा कुणाच्या तरी हातात होतं, आणि त्यांचं नाव खाली आलं नाही. येऊ शकत नाही. त्याचं मला ओझं वाटतं.

पूर्वेकडच्या कुनार प्रांताबद्दल तुला फोनवर फार बोलले नव्हते. ३१ ऑगस्टच्या रात्री भूकंप झाला. दगडमातीची घरं, डोंगराच्या उतारावर एकावर एक चढलेली, झोपेतच खाली आली. २,२०० हून जास्त माणसं गेली. काबूलहून जलालाबादच्या रस्त्यानं आम्ही निघालो. त्या वाटेवर सरोबी लागतं. तिथे २००१ साली मारिया ग्रात्सिया कुतुली या इटलीच्या बातमीदार बाईंना तीन सहकाऱ्यांसह गाडीतून उतरवून मारलं होतं. परवा १९ तारखेला त्याला २४ वर्षं झाली. तिथून जाताना गाडीत आम्ही कुणी बोलत नाही.

नुरगल खोऱ्यात गेलो तेव्हा तंबू लागले होते. बाहेर पुरुषांची गर्दी, मदतीचे ट्रक, बातमीदार. माझे सहकारी ज्यांच्याशी बोलत होते ते सगळे बाप, भाऊ, काका. मी एका तंबूच्या कनातीशी उभी राहिले. आतून हात आला आणि मला ओढून घेतलं. आत पंधरा-वीस बायका. एकीच्या पायाचं हाड मोडलेलं, ओढणीनं बांधलेलं. तिसरा दिवस होता, आणि तिला तपासायला कुणी आलं नव्हतं, कारण आलेल्या पथकात बाई नव्हती. एकीनं सांगितलं की पुरुषांना आणि पोरांना आधी काढलं, बायका कडेला बसून राहिल्या, परक्या पुरुषानं हात लावायचा कसा म्हणून. मला पश्तो येत नाही. एका शिकलेल्या मुलीनं दरीत सांगितलं ते मी लिहून घेतलं. मग एका म्हातारीनं माझी वही बाजूला सारली आणि माझा हात तिच्या बरगडीवर ठेवला, दुखतं कुठे ते दाखवायला. तिला वाटलं मी डॉक्टर आहे. आतापर्यंत तिथे आलेली एकमेव परकी बाई मी होते, मग दुसरं कोण असणार?

मी बाहेर येऊन मदतकार्याच्या माणसाला सांगितलं, पायमोडकीला खाली न्यायची सोय झाली. म्हातारीचं काय झालं ते कळलं नाही.

त्या रात्री मी बातमी पाठवली तेव्हा दिल्लीतून पहिला निरोप आला, “छान, ह्यूमन स्टोरी आहे, आत घेऊ.” पहिल्या पानावर सरकारनं किती ट्रक पाठवले ते आलं, एका पुरुष सहकाऱ्याच्या नावानं. आई, याचा मला चौकीवरच्या पोरापेक्षा जास्त राग येतो. भूकंपात बायकांना कुणी बाहेर काढलं नाही ही मुख्य बातमी कशी नाही? मंत्रिमंडळ, करार, सीमा हे सगळं ‘राजकारण’, आणि दाईचा वर्ग बंद होणं, मुलगी पेपर कोरा ठेवणं हे ‘सामाजिक’. ते वर्ग कुणी बंद केले? सरकारनंच ना? मी भांडले. पुढच्या वेळी थोडं वर आलं. अजून भांडणार आहे.

आणि ऑक्टोबरातलं ते प्रकरण तू टीव्हीवर बघितलंसच. इथले परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले, १० तारखेला त्यांच्या दूतावासात पत्रकार परिषद झाली आणि आपल्या बायका पत्रकारांना बोलावणंच नव्हतं. मोठा गदारोळ झाला, दोन दिवसांनी दुसरी परिषद घेतली, तेव्हा आपल्या मुली पहिल्या रांगेत बसल्या आणि मुलींच्या शाळांबद्दलच विचारलं. मला अभिमान वाटला. पण पहिल्या दिवशी मला जे लागलं ते वेगळं होतं. मी काबुलात याच सरकारच्या पत्रकार परिषदांना जाते. एका कडेला बसवतात, पण बसते, विचारते. आणि माझ्या राजधानीत माझ्या मैत्रिणी बाहेर होत्या. आत गेलेल्या पुरुषांपैकी एखाद्यानं तरी उठून विचारायला हवं होतं, आमच्याबरोबरच्या बायका कुठे आहेत? काळे मास्क लावून बसलेले ते काबूलचे निवेदक मला त्या दिवशी फार आठवले.

बाबांसाठी एक गोष्ट. एका म्हाताऱ्या मौलवींकडे गेले होते, प्रांताच्या जुन्या इतिहासावर बोलायला. नेहमीप्रमाणे ते भिंतीकडे बघून बोलत होते. दुभाष्यानं सहज सांगितलं की ताई मराठी आहेत. “मरहट्टा?” म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. मग अब्दालीवर बोलत राहिले. इथे त्याला अहमदशाह बाबा म्हणतात, कंदाहारला त्याची कबर आहे, देशाचा बापच तो. १७६१ची ती लढाई त्यांना तोंडपाठ होती, तोफा, घोडे, कुणाची फळी कुठे फुटली. मी म्हटलं, आमच्याकडे अजून सत्यानाश झाला की ‘पानिपत झालं’ म्हणतात. त्यांनी मान हलवली आणि माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

परत येताना गाडीत मी वेगळ्याच विचारात होते. पानिपतावर सदाशिवरावभाऊंबरोबर पार्वतीबाई होत्या. आणखीही कितीतरी बायका छावणीत होत्या. फौजेची रोज चाललेली उपासमार त्यांनी बघितली, संक्रांतीच्या दिवशी पळापळ बघितली. पार्वतीबाई तर परतही आल्या. त्यांच्याजवळ बसून ‘बाई, तुम्ही काय बघितलंत’ असं कुणी विचारून घेतलं असतं तर आपल्याला त्या छावणीचं आतलं काय काय कळलं असतं! फळ्या कुठे फुटल्या ते दोन्हीकडच्यांना पाठ आहे. मला त्या खोलीत, त्या तंबूत जाऊन बसावंसं का वाटतं, ते तू विचारशील तर एवढंच सांगेन.

बाकी मी बरी आहे. थंडी लागलीय, डोंगरावर पहिलं बर्फ दिसतं, आणि संध्याकाळी कोळशाच्या धुरानं डोळे झोंबतात. घरमालकीणबाई कधी कधी त्यांच्या संदलीत बोलावतात. संदली म्हणजे खाली निखाऱ्याचं भांडं, वर बुटकं टेबल, त्यावर मोठी रजई, आणि सगळ्यांनी पाय आत घालून बसायचं. त्या मला आपल्या हिंदी मालिकांतल्या सासवांबद्दल विचारतात, इथे त्या दरीत डब करून घराघरात बघितल्या गेल्या होत्या. तू दिलेला गोडा मसाला संपत आला. त्यात इथला राजमा फार छान होतो. आजीला सांग, मी रोज जेवते. आणि तिची व्हर्नाक्युलर फायनलची गोष्ट, परीक्षेला जायला वडील नको म्हणत होते तेव्हा तिच्या आत्यानं स्वतः बैलगाडीत बसून तिला केंद्रावर नेलं ती, मी त्या अकरा मुलींना सांगितली. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. आत्याला कुणी मारलं नाही ना? आणि आजी पास झाली का?

परत कधी येणार हे तू विचारणारच. मार्चमध्ये सुटी मागितली आहे. कायमची येणार का, याचं उत्तर माझ्याजवळ आत्ता नाही, आणि खोटं मी लिहिणार नाही.

आता तुझ्याकडे एक काम आहे. त्या गोधडीच्या खोलीत मागच्या आठवड्यात वर्तुळ चाललं होतं. चहाची बशी पालथी घालून पेन्सिलीनं गोल काढला होता. चक्रीय चौकोनाचे समोरासमोरचे कोन मिळून १८० अंश होतात, हे बाईंनी सिद्ध करून दाखवलं. मुलींनी उतरवून घेतलं, पण ती तिसऱ्यांदा सहावी करणारी अडून बसली, मला दिसत नाही म्हणाली. मला एकदम आठवलं की तू हे कागद कापून दाखवायचीस, कोन कापून एका रेघेवर शेजारी शेजारी ठेवायचीस आणि वर्ग ‘आँ’ करायचा. मी त्यांना ते सांगितलं, पण नेमकं कसं ते मला जमलं नाही. बाई म्हणाल्या, तुमच्या आईला विचारा.

तेव्हा तू जशी शिकवायचीस तसं, पायरीपायरीनं, आकृत्या काढून पाठव. मराठीत काही लिहू नकोस, नुसत्या आकृत्या आणि बाण. जाड कागदावर काढ, कापून बघता येईल असं. छायाचित्रकार १० डिसेंबरला दिल्लीहून परत येतोय, त्याचा तिथला पत्ता दादाच्या फोनवर पाठवलाय. लिफाफ्यावर माझं नाव घाल, बाकी काही लिहू नकोस.

पुरचुंडीत वाळवलेली तुतं, म्हणजे तुतीची फळं, आहेत, त्याच बाईंनी दिलेली. आजीच्या दातांना चावणार नाहीत, रात्री दुधात भिजत घाल.

तुझी,
लेक